रिव्हॉल्व्हरची जन्मतारीख

माझ्यावर आजवर जेवढी संकटं आली, त्यातली बहुतेक 'जरा बघू या' या तीन शब्दांनी सुरू झाली. गळका नळ जरा बघू या म्हणालो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांना घरात छत्री उघडावी लागली. मिक्सर जरा बघू या म्हणालो, तेव्हा नवा मिक्सर आणावा लागला. (जुन्याचं झाकण अजून आहे. ते उत्तम स्थितीत आहे.) त्यामुळे त्या रविवारी सकाळी हातात भिंग घेऊन मी "आईंचं रिव्हॉल्व्हर जरा बघू या" असं म्हणालो, तेव्हा बायकोने वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मी तेव्हाच भिंग खाली ठेवायला हवं होतं.

रिव्हॉल्व्हर म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल तर आधी खुलासा करतो. हे रिव्हॉल्व्हर जेमतेम तळहाताएवढं आहे, आणि ते आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, बंद पडलेलं घड्याळ आणि कुणीतरी भेट दिलेली फुलदाणी यांच्या मधोमध पडून असतं. त्याच्या आतली, गोळी उडवणारी खीळ माझ्या सासऱ्यांनी फार पूर्वीच रीतसर काढून घेतली होती. तसा शिक्क्याचा कागदही आहे. कायद्याने ती शोभेची वस्तू आहे. (कायद्याने शोभेची वस्तू ठरलेलं घरात आणखीही कुणी आहे, असं बायको म्हणते.)

पण ते रिव्हॉल्व्हर आमच्याकडे एकटं राहत नाही. त्याच्याबरोबर एक गोष्ट राहते. सासूबाई आमच्याकडेच असतात, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, दात स्वतःचे, आवाज खणखणीत. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजेसासरे, टपाल खात्यात होते. एकदा म्हणे ते टपालाची थैली घेऊन एकटेच चालले होते. वाटेत दरोडेखोरांनी त्यांना गाठलं. आजेसासरे शांतपणे थांबले, थैली खाली ठेवली, खिशातून हे रिव्हॉल्व्हर काढलं आणि एवढंच विचारलं, "आधी कोण?" दरोडेखोर पळाले. जाताना एकाने सुरा फेकून मारला, तो मुठीवर बसला. त्याचे दोन वण मुठीवर अजून आहेत.

ही गोष्ट मी बावीस वर्षं ऐकतो आहे. माझ्या लग्नाच्या सुमारास दरोडेखोर तीन होते. माझ्या लग्नाच्या दहाव्या वर्षी चार झाले. सध्या पाच आहेत. सहावा येईल अशी भीती नाही, कारण रिव्हॉल्व्हरला भोकंच पाच आहेत.

गोष्टीशी माझं भांडण नव्हतं. भांडण तिच्या वापराशी होतं. घरात झुरळ निघालं आणि मी खुर्चीवर चढलो, की बायको म्हणणार, "आजोबा असते तर!" दुकानदाराने मला नासकं दूध दिलं आणि मी ते मुकाट्याने घेऊन आलो, की "आजोबा असते तर!" साहेबांनी माझी रजा नाकारली, की सासूबाई आतल्या खोलीतून, "आमचे वडील असते तर नुसते बघितले असते त्याच्याकडे!" ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याच्याशी मी बावीस वर्षं रोज सामना हरत होतो. घरात माझी जी काही पत होती, ती सगळी त्या काचेच्या कपाटात अडकून पडली होती. ती सोडवून घ्यायची तर गोष्टच खोटी पाडायला हवी होती.

आणि वय खोटं पाडणं हा तर माझा धंदा. मी पेन्शन विभागात जन्मतारीख पडताळणीच्या टेबलावर बसतो. निवृत्त व्हायचं नाही म्हणून स्वतःला तीन वर्षं लहान करून घेणारे लोक मी केवळ शाईच्या रंगावरून पकडलेले आहेत. ऑफिसमध्ये मला 'पडताळणी' याच नावाने ओळखतात. एकाने तर स्वतःच्या धाकट्या भावाचा दाखला जोडला होता. त्या हिशेबाने तो स्वतःचाच धाकटा भाऊ ठरत होता. अशा माणसाच्या हातात भिंग आणि समोर रिव्हॉल्व्हर आल्यावर काय व्हायचं ते झालं.

नळीच्या बुडाशी, गंजाच्या खाली, मला चार आकडे दिसले. मी ते ओल्या फडक्याने पुसले. पुन्हा पाहिलं. एक, नऊ, सहा, दोन.

एकोणीसशे बासष्ट!

मी भिंग हातात धरूनच सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्या शब्दकोडं सोडवत होत्या.

"आई, ती दरोडेखोरांची गोष्ट कधीची हो?"

"मी दोन वर्षांची असताना."

"म्हणजे एकोणीसशे अठ्ठेचाळीस."

"असेल. हिशेब तुमचा."

हिशेब माझाच होता आणि तो चौदा वर्षांनी चुकत होता. जे रिव्हॉल्व्हर बासष्ट साली जन्माला आलं, ते अठ्ठेचाळीस साली दरोडेखोरांवर रोखलं कसं? मला इतका आनंद झाला, की मी स्वतःहून भांडी विसळायला घेतली. बायकोने आत येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगून मोकळं का झाला नाहीत? पण मी पडलो सरकारी माणूस. नुसतं भिंगातून दिसलं म्हणून मी आजवर कुणाची पेन्शन अडवलेली नाही. तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय हवा. तो घ्यायचा, जेवणाच्या टेबलावर सासूबाईंसमोर ठेवायचा आणि शांतपणे विचारायचं, "आधी कोण?" हे वाक्य मी आंघोळ करताना दोनदा म्हणूनही पाहिलं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रिव्हॉल्व्हर आणि त्याचा शिक्क्याचा कागद जेवणाच्या रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत, डब्याखाली सरकवला. डब्यात ऑम्लेट होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काही लपवलं असं व्हायला नको.

बंदुका दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. त्यांचं दुकान म्हणजे एका बोळाच्या टोकाला असलेली एक लांबट खोली. टेबलावर कानशी, तेलाच्या बाटल्या, आणि नळ्या, मुठी, स्प्रिंगा यांचा पसारा. त्यांनी आधी कागद वाचला, मग डोळ्याला एक छोटं भिंग अडकवलं आणि रिव्हॉल्व्हर हातात घेऊन बराच वेळ नुसतं फिरवून पाहिलं.

"कुणी फडक्याने घासलंय?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं."

"परत घासू नका. जुन्या वस्तूचा गंजही जुना असतो. तो घालवला की किंमत जाते."

मी मान डोलावली. मग माझ्या मुख्य मुद्द्याला हात घातला. "यावर साल आहे. बासष्ट."

त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. "कुठे?"

मी दाखवलं.

"हा नगाचा नंबर आहे हो."

"एक-नऊ-सहा-दोन?"

"म्हणजे याच्या आधी एक हजार नऊशे एकसष्ट नग निघाले आणि मग हे निघालं. हा बघा, हाच आकडा सिलिंडरच्या पाठीवर. आणि हा मुठीच्या आत. भाग सुटे केले की कुठला कुणाचा ते कळावं म्हणून घालतात. जन्मसाल कुणी तीन ठिकाणी लिहितं का?"

(आमच्या अर्जात पाच ठिकाणी लिहावं लागतं.)

पंचवीस वर्षं जन्मतारखा तपासणाऱ्या माणसाने चार आकडे दिसले म्हणून त्यांना जन्मसाल ठरवलं होतं. माझ्या टेबलावर नोटेचा नंबर आला असता तर मी तिचीही पेन्शन मंजूर केली असती.

"मग हे आहे कधीचं?"

"नुसता नंबर सांगत नाही. अंग सांगतं." त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर आडवं धरलं. "हा चाप पाहा, दुमडतो. घोडा आत लपवलेला आहे. चापाभोवती कडी नाही. का? खिशातून काढताना काही अडकायला नको. अशी घडण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. मी एकोणीसशे पाच ते दहा म्हणेन."

झालं. अठ्ठेचाळीस सालच्या खिशात हे रिव्हॉल्व्हर अगदी आरामात बसत होतं. सासूबाई आणि त्यांचे वडील दोघंही माझ्या पडताळणीतून सहीसलामत सुटले होते. मी रुमाल उचलला.

"पण ठेवलं होतं कोणी?" गृहस्थांनी विचारलं. "सायकल होती का त्यांच्याकडे?"

"टपाल खात्यात होते. सायकलवरूनच फिरायचे, असं ऐकलंय. का?"

"कारण हे सायकलवाल्यांसाठीच काढलेलं आहे. कुत्र्यांसाठी."

"कशासाठी?"

"सायकली नव्या होत्या ना तेव्हा. सायकल दिसली की कुत्री पोटऱ्यांना लागायची. मग खिशात मावेल असं हे निघालं. बहुतेक जण नुसते आवाजाने घाबरवायचे. काडतुसात मीठ नाहीतर मिरपूड भरायचे. याच्या नावातच सायकल आणि कुत्रा आहे." ते गालातल्या गालात हसले. "माणसासमोर धरलं तर माणूस आधी विचारेल, हे काय आहे म्हणून."

माझ्या अंगात पुन्हा चैतन्य आलं. दरोडेखोरांना पळवून लावणारं ते रिव्हॉल्व्हर म्हणजे कुत्री हाकलायचं साधन होतं! साल गेलं तर जाऊ दे, हे त्याहून सरस होतं. मी त्यांना गोष्ट सांगितली, पाचही दरोडेखोरांसकट. मुठीवरचे वण दाखवले. "हा सुऱ्याचा वार."

त्यांनी पुन्हा भिंग लावलं. दोन गोल खळगे त्यांनी नखाने चाचपून पाहिले. "सुरा बोथट असणार," एवढंच म्हणाले.

"किंमत काय येईल?"

"नुसती वस्तू दिलीत तर दहा हजार. फार तर बारा. खीळ नाही, मूठ दुखावलेली." त्यांनी रिव्हॉल्व्हर रुमालावर ठेवलं. "पण कोणाची होती, कशी वापरली, हे घरच्या माणसाने लिहून सही करून दिलं, तर एक संग्राहक माझ्या ओळखीचा आहे. तो एक लाख देईल. त्याला वस्तूपेक्षा तिची हकिकत हवी असते."

"दरोडेखोर चालतील?"

"खरे असतील तर का नाही?"

मी रुमालाची गाठ अतिशय प्रेमाने बांधली. पाऊण तासापूर्वी मी ज्या गोष्टीचा मुडदा पाडायला निघालो होतो, तिच्यासाठी आता मला सहीशिक्का हवा होता. एक लाख! आजेसासऱ्यांबद्दल माझं मत पायरी उतरेपर्यंत पुष्कळच सुधारलं. पाच दरोडेखोर थोडे कमीच वाटायला लागले.

बोळात शिरल्यावर मात्र मला जरा वाईट वाटलं. खरंच वाटलं. सासूबाई दर आठवड्याला ते कपाट स्वतः पुसतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांना जर कुणी सांगितलं, की तुमच्या वडिलांचं शस्त्र कुत्र्यांसाठी होतं, तर त्या काय करतील? मी ठरवलं, की कुत्र्याचा उल्लेख घरात करायचा नाही.

आणि नेमका तेव्हाच कुत्रा आला.

तांबूस रंगाचा, कान खाली, घाई अजिबात नाही. तो माझ्या पिशवीकडे बघत होता. मी थांबलो. तो थांबला. मी "हट्" म्हणालो. (माझं 'हट्' फार मऊ निघतं. त्यात विनंतीचा भाग जास्त असतो.) तो दोन पावलं पुढे आला.

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या कामासाठी ही वस्तू बनली, ते काम समोर उभं होतं! मी पिशवीत हात घातला, रुमाल सोडला आणि रिव्हॉल्व्हर बाहेर काढून कुत्र्यासमोर धरलं. "आधी कोण?" असं काहीतरी म्हणालोही असेन, आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की घाईत मी ते उलटं धरलं होतं. नळी माझ्याकडे आणि मूठ कुत्र्याकडे.

त्या मुठीला सकाळपासून ऑम्लेटच्या तुपाचा वास लागलेला होता. कुत्र्याने मूठ तोंडात घेतली, जरासा हिसका दिला आणि रिव्हॉल्व्हर घेऊन तो निघून गेला. पळालाही नाही. चालत गेला.

यानंतरचा काही काळ मी एका टेबलावर उभा होतो. वर कसा चढलो ते मला सांगता येणार नाही.

"साहेब," खालून एक बाई म्हणाली, "खाली उतरा. तो शर्ट दुसऱ्याचा आहे."

मी पायाखाली पाहिलं. मी इस्त्रीच्या टेबलावर होतो. इस्त्रीवाली हातात कोळशाची इस्त्री घेऊन उभी होती. राग तिला आला असावा, पण टेबलावर माझ्यासारखा माणूस बघून तिचं काही ठरत नव्हतं.

"त्या कुत्र्याने माझं... माझी वस्तू नेली!"

"कोणी, याने?" तिने मान वळवून नुसतं "ए, आण इकडे" असं म्हटलं. कुत्रा आला. "सोड," ती म्हणाली. कुत्र्याने सोडलं. तिने रिव्हॉल्व्हर उचलून पदराला पुसलं. "नातवाचं खेळणं वाटतं?"

"हो," मी म्हणालो. (मी एकावन्न वर्षांचा आहे आणि मला नातू नाही.)

"पोराला सांगा, या कुत्र्याला घाबरायचं नाही. म्हातारा झालाय बिचारा. काही करत नाही."

शर्टावरच्या बुटाच्या ठशाचं तिने काही घेतलं नाही. ऑम्लेट मात्र मी स्वतःच कुत्र्याला देऊन टाकलं, टेबलावरून.

बसमध्ये मी मूठ तपासली. उजव्या बाजूला दोन नवे खळगे पडले होते. डाव्या बाजूला दरोडेखोराच्या सुऱ्याचे जुने होतेच. घरी आल्यावर मी रिव्हॉल्व्हर कपाटात अशा बेताने ठेवलं, की उजवी बाजू भिंतीकडे राहील. मग कामाला लागलो. एक स्वच्छ कागद घेतला आणि ठेवणीतल्या अक्षरात निवेदन तयार केलं. 'मी खाली सही करणार, असं लिहून देते की, सदर रिव्हॉल्व्हर माझ्या वडिलांनी पाच (अक्षरी पाच) दरोडेखोरांविरुद्ध वापरले असून...'

संध्याकाळी चहाच्या वेळी मी तो कागद आणि पेन सासूबाईंसमोर ठेवलं. बायको शेजारीच बसली होती. मी सगळं मोकळेपणाने सांगितलं: तज्ज्ञाकडे गेलो होतो, वस्तू शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, हकिकत लेखी दिली तर एक लाख मिळतील, निर्णय अर्थात तुमचा. फक्त कुत्र्याचा भाग गाळला. दोन्ही कुत्र्यांचा.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"सही करायची?"

"फक्त इथे."

"तोंडी सांगणं वेगळं असतं हो, जावईबापू. सही करायची म्हणजे खरं असायला हवं." त्या उठल्या, कपाट उघडलं आणि रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. पदराने सवयीप्रमाणे मूठ पुसायला गेल्या आणि त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते उलटं केलं. डावी बाजू पाहिली. उजवी पाहिली. पुन्हा डावी.

मी चहात साखर ढवळत होतो. साखर केव्हाच विरघळली होती.

"कुत्रा कुठे भेटला?" सासूबाईंनी विचारलं.

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण सुचलंच नाही. "बोळात," मी म्हणालो. मग न राहवून विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं?"

"कळायला काय? सारखेच तर आहेत." त्यांनी मूठ माझ्यासमोर धरली. खरोखर सारखेच होते. दोन इकडे, दोन तिकडे. "हे डावीकडचे माझ्या वडिलांच्या वेळचे. त्यांनीही उलटंच धरलं होतं."

बायकोने तोंडावर रुमाल धरला.

सासूबाई खाली बसल्या आणि मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील कुत्र्यांना फार घाबरायचे. टपालाच्या वाटेवर सात-आठ कुत्री होती. म्हणून त्यांनी पोटाला चिमटा काढून हे रिव्हॉल्व्हर घेतलं. पहिल्याच आठवड्यात एका कुत्र्याने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. ते झाडावर चढले. मग सासूबाईंच्या आई हातात लाटणं घेऊन गेल्या आणि दोघांनाही, म्हणजे रिव्हॉल्व्हरला आणि नवऱ्याला, घरी घेऊन आल्या. त्यानंतर ते कधी खिशात गेलं नाही.

"म्हणजे दरोडेखोर नव्हतेच?"

"नव्हते."

बावीस वर्षांनी मी जिंकलो होतो. आजेसासरे कोसळले होते. टेबलावर उभं राहून ओरडायला हवं होतं. (त्या दिवशी टेबलावर उभं राहायचं माझं पुरेसं झालं होतं.) पण सासूबाईंचा चेहरा बघून मी त्यांचा चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"माझे वडील भित्रे होते," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. वाट रोजची तीच होती. कुत्री रोज असायची. ते रोज घाबरायचे आणि रोज जायचे. पंचवीस वर्षांत एकही पत्र घरी परत आणलं नाही त्यांनी. मला त्यांचा अभिमान त्याचाच आहे. दरोडेखोरांचा नाही."

मी म्हणालो, "आई, मग हेच का नाही सांगितलंत सगळ्यांना? दरोडेखोर कशाला आणलेत?"

त्या माझ्याकडे बघेनात. बायकोकडे बघू लागल्या. बायको छताकडे.

"दरोडेखोर आधी नव्हतेच," सासूबाई जपून म्हणाल्या. "ते नंतर आले."

जन्मतारीख तपासणाऱ्या माणसाला हे पुरेसं होतं. "नंतर म्हणजे कधी?"

"तुमचं लग्न झाल्यावर. एकविसाव्या दिवशी."

मला तो दिवस आठवला नाही. बायकोला आठवला. "आईच्या घरी आपण राहायला गेलो होतो. शेजारचा कुत्रा अंगणात आला होता. तुम्ही माळ्यावर चढून बसलात आणि उतरायलाच तयार नव्हतात. जेवणसुद्धा वर मागवलंत."

"आणि ही स्वयंपाकघरात रडत होती," सासूबाई म्हणाल्या. "आई, मी कुणाशी लग्न केलं म्हणून. मला वाटलं, नव्या माणसाला घरात कुणीतरी आदर्श हवा. ऐकून ऐकून अंगात थोडा धीर येईल. म्हणून तिथेच, भाजी चिरता चिरता, गोष्ट बनवली. तुम्ही माळ्यावरून उतरलात तेव्हा पहिल्यांदा सांगितली."

मी आयुष्यात शेकडो दाखले तपासले, पण इतका चोख दाखला माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. दिवस, स्थळ, कारण, आणि साक्षीदार समोर बसलेला. त्या गोष्टीचा जन्म माझ्यामुळे झाला होता. मी बावीस वर्षं ज्याच्याशी सामना हरत होतो, तो माणूस खास माझ्यावरच्या उपचारासाठी तयार केलेला होता.

"पण मग तिघांचे पाच का केले?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"तीनने गुण येईना," सासूबाई म्हणाल्या. "डोस वाढवला."

यानंतर त्यांनी माझं निवेदन बाजूला सारलं आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने खरी हकिकत लिहिली. त्यांचे वडील, टपाल, कुत्री, झाड, लाटणं, सगळं. शेवटी लिहिलं, 'उजव्या बाजूचे दोन दात माझ्या जावयांच्या वेळचे आहेत.' खाली सही केली. साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मी केली. सरकारी माणूस खऱ्या कागदावर सही नाकारू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद बंदूकवाल्या गृहस्थांना दाखवला. ते खुर्चीवरून पडता पडता राहिले. त्यांनी माझ्यासमोरच संग्राहकाला फोन लावला, कागद वाचून दाखवला आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "दीड लाख म्हणतोय! दोन पिढ्यांचे दात एका मुठीवर त्याने कधी पाहिलेले नाहीत."

मी धावत घरी गेलो. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विकायचं नाही."

"अहो आई, दीड लाख!"

"आत्ता कुठे सांगण्यासारखी गोष्ट झालीये," त्या म्हणाल्या. बायकोने मान डोलावली. दोन विरुद्ध एक. आमच्या घरात एवढ्यावर विषय संपतो.

तो कागद आता काचेची चौकट करून कपाटाच्या वर लावला आहे. पाहुणे आले की चहाच्या आधी सासूबाई त्यांना तिथे नेतात. दरोडेखोरांची गोष्ट त्यांनी पूर्ण बंद केली आहे, आणि 'आजोबा असते तर' हे वाक्य घरातून गेलं आहे. तेवढं मी नक्कीच मिळवलं. आता पाहुण्यांना मी इस्त्रीच्या टेबलावर कसा उभा होतो ते सांगितलं जातं. पहिल्या वेळेस सासूबाईंनी कुत्रा होता तसाच सांगितला, तांबूस, चांगला मोठा. मला बरं वाटलं होतं. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी तो मांजराएवढा झाला. नंतर पिल्लू झाला. परवा बायकोची आत्या आली होती. तिला सांगताना त्याचे अजून डोळेही उघडलेले नव्हते.